चेन आपली आपण

शनिवारी कुंभिवलीला घरी आलो की चहाच्याही आधी बाईकची चेन! "गॅरेजवाल्याला पैसे देऊन मोकळा हो ना," इति बायको. पण मुद्दा पैशाचा नाहीच मुळी.

एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणजे पुण्याहून येताना शिंग्रोबाच्या देवळावरून जुन्या घाटाने खोपोलीत उतरायचं. पावसात चेनचं वंगण धुऊन जातं, वर चिखल. सैल चेन उतारावर निसटून अडकली तर मागचं चाक जागीच जाम होऊ शकतं. मागच्या पावसाळ्यात सर्व्हिसिंगहून आलेली चेन उलट तंबोऱ्यासारखी ताणलेली. म्हणजे बेअरिंगची वाट! तेव्हापासून हे काम माझं.

आहे काय त्यात? गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद. (चालू इंजिनवर चेन पुसताना बोटं जातात, खरंच.) रॉकेल आणि ब्रशने घासायची, कोरडी पुसायची, ९० नंबरचं गिअर ऑइल लावायचं. चाक फिरवत जिथे चेन सगळ्यात घट्ट लागते तिथे खेळ मोजायचा. साध्या गाड्यांना साधारण २५-३० मिमी, पण आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. ताण बदलला तर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरकं.

सगळंच घरी करा असं नाही म्हणत मी. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं, स्क्रू पिळून ट्यूनिंग करायचे दिवस गेले. ते गॅरेजलाच. ब्रेक ऑइलही. चेन मात्र होती तशीच आहे.

असो. हात साबणाने निघत नाहीयेत, चहा गार झालाय :)