आडवाटेची परीक्षा कोणासाठी?

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात चर्चिल नावाचे एक खेडे आहे. त्या गावात हॉर्स चेस्टनट जातीचे तीस वर्षांचे एक झाड उभे होते. बीबीसीच्या 'टॉप गिअर' या मोटारविषयक कार्यक्रमात 2003 साली टोयोटा कंपनीच्या एका पिकअप गाडीचा कणखरपणा पारखला गेला, तेव्हा निवेदक जेरेमी क्लार्कसन यांनी ती गाडी या झाडावर नेऊन आदळली. जगभरच्या प्रेक्षकांनी त्या गाडीचे कौतुक केले. चर्चिलच्या ग्रामपरिषदेने मात्र झाडाच्या इजेचा जाब विचारला. फेब्रुवारी 2004 मध्ये बीबीसीने गावाची माफी मागितली आणि अडीचशे पौंड भरपाई दिली.

घटना लहान आहे. पण तिच्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. दूरचित्रवाणीवर आडवाटेने जाणाऱ्या गाडीची परीक्षा चाललेली असते, तेव्हा ती वाट ज्यांची असते त्यांचे मत कोण विचारतो?

त्या परीक्षेतील गाडी 1988 सालची जुनी हायलक्स होती. तिला भरतीच्या पाण्यात बुडविण्यात आले, आग लावण्यात आली, आणि शेवटी पाडल्या जाणाऱ्या एका उंच इमारतीच्या छपरावर ठेवून इमारतीसह खाली आणण्यात आले. तरीही ती चालू झाली. प्रेक्षकांमध्ये तेव्हापासून दोन तट आहेत. ही खरी परीक्षा, कंपनीच्या गोडगोड माहितीपत्रकाची लाज काढणारी, असे एकाचे म्हणणे. हा निव्वळ तमाशा आहे, शेतकऱ्याला वा मजुराला गाडीला आग लावून पाहायची नसते, असे दुसऱ्याचे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दोघांचीही नजर गाडीवरच खिळलेली आहे. चाकाखालच्या जमिनीकडे आणि त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाकडे दोघांचेही लक्ष नाही.

हा साता समुद्रापलीकडचा वाद म्हणून सोडून देता येत नाही. असे कार्यक्रम भारतीय वाहिन्यांनीही उभे केले आणि आज मोबाईलच्या पडद्यावर ते धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरसारख्या गावातही पाहिले जातात. शिवाय पिंपळनेरच्या माणसाला आडवाटेची गाडी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी जन्मलेली जीप महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात आणली. पुढे तिचेच वंशज काळ्या-पिवळ्या रंगात खानदेशच्या रस्त्यांवर धावू लागले. पांझरेच्या काठच्या या बाजारपेठेत साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांतून जी माणसे येतात, त्यांपैकी अनेकांनी आयुष्यातील मोटारप्रवास अशा जीपमध्येच केला आहे. 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एस.टी. कामगारांचा संप चालला, तेव्हा तर खाजगी गाडीवाचून कित्येकांना वाटच उरली नाही.

या माणसाला प्रेक्षक म्हणून मत विचारले, तर तो कोणती परीक्षा सुचवील? गाडी किती अंशांचा चढ चढते, हे तो पाहीलच. पण नऊ माणसांच्या जागी पंधरा बसली आणि टपावर कांद्याच्या गोण्या चढल्या, तर घाटातील उतारावर ब्रेक धरतो काय, हे तो विचारील. मागच्या आडव्या बाकांवर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या बायका-मुलांचे अपघातात काय होते, हे विचारील. हा प्रश्न पडद्यावर क्वचितच येतो. महिंद्रच्या 2020 सालच्या थार गाडीला ग्लोबल एनकॅप संस्थेने सुरक्षिततेचे पाचपैकी चार तारे दिले, तेही समोर तोंड असलेल्या आसनांच्या प्रकाराला. खेड्यातील प्रवासी मात्र वर्षानुवर्षे आडव्या बाकांवरच बसत आला. त्याच्या बाकाला किती तारे मिळतील, हे कोणी मोजले?

मुळात आडवाट म्हणजे काय, याचाच विचार झाला पाहिजे. थारच्या पहिल्या खरेदीदाराने 2020 मध्ये किमान 9 लाख 80 हजार रुपये मोजले. त्याच्यासाठी आडवाट ही सुट्टीतील हौस आहे; ती संपली की डांबरी रस्ता त्याची वाट पाहत असतो. पाड्यावरच्या कुटुंबासाठी तीच आडवाट हा एकमेव रस्ता असतो. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाटीवर पाचशे आणि डोंगरी व आदिवासी भागात अडीचशे लोकसंख्येची अट घातली. त्या अटीमुळे पुष्कळ वस्त्यांना रस्ता मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्या पाड्यावर अडीचशे माणसे भरत नाहीत, तेथील बाळंतीण पावसाळ्यात झोळीतूनच खाली आणावी लागते. एकाचा अभाव ही दुसऱ्याची करमणूक व्हावी, हा विषमतेचाच एक चेहरा आहे.

करमणुकीला एवढे गंभीरपणे का घ्यावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, करमणूकही सवयी लावते. डिसेंबर 2023 मध्ये लाहौलमध्ये एका पर्यटकाने चंद्रा नदीच्या पात्रात थार घातली आणि पोलिसांना त्याच्यावर कारवाई करावी लागली. त्याआधी महिनाभर ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने हायलक्सच्या दोन जाहिराती रोखल्या. माळरानातून आणि नदीतून उधळणाऱ्या गाड्यांची ती दृश्ये निसर्गाची पर्वा न करणाऱ्या वर्तनाला उत्तेजन देतात, असा तिचा निर्णय होता. हा निर्णय तक्रारीवरून झाला, हे विशेष लक्षात घ्यावे. पाहणाऱ्याने तोंड उघडले म्हणून दाखविणाऱ्याला उत्तर द्यावे लागले.

वाहनांची कठोर परीक्षा अवश्य व्हावी. कंपनीचे दावे तपासणारा निर्भीड कार्यक्रम ग्राहकाचा मित्रच असतो. मात्र त्या परीक्षेच्या पत्रिकेत भार, प्रवाशांची सुरक्षितता, डिझेलचा खर्च आणि खेड्यातील दुरुस्तीची सोय हे प्रश्न आले पाहिजेत. आणि ज्या डोंगरावर वा नदीपात्रात चित्रण व्हायचे, तेथील ग्रामसभेची संमती आधी घेतली गेली पाहिजे. साक्रीच्या पश्चिमेकडील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि 1996 च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीबाबत बोलण्याचा अधिकार दिला आहे. चर्चिलच्या ग्रामपरिषदेने एका झाडासाठी जाब विचारला. पिंपळनेरच्या परिसरातील ग्रामसभांनी झाडाबरोबर रस्त्याचाही जाब विचारावा. प्रेक्षकाच्या मताला खरा अर्थ येईल तो त्या दिवशी.