पाळक कोणाचा?

१८५३ च्या मार्चमध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये एक बिशप दारे लावून आत बसले होते आणि त्याच चर्चच्या भाविकांतला एक गट बाहेर वेढा घालून बसला होता. आतले बिशप म्हणजे आनास्तासियुस हार्टमान. मूळचे स्वित्झर्लंडचे, कपुचिन संघाचे, रोमच्या ‘प्रोपागांडा’ खात्याने नेमलेले. बाहेरच्यांना हवे होते गोव्याच्या आर्चबिशपांच्या, म्हणजे पोर्तुगालच्या ‘पाद्रोआदो’ अधिकाराखालचे धर्मगुरू. पंधरवडाभर हे चालले. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी फाटक उघडवले आणि चर्च पाद्रोआदोवाल्यांकडे गेले. हार्टमान काही लेचेपेचे गृहस्थ नव्हते. मुंबईचे ‘एक्झामिनर’ हे कॅथलिक साप्ताहिक त्यांच्याच कारकिर्दीत, १८५० मध्ये सुरू झाले आणि ते आजही निघते.

भांडण धर्मतत्त्वाचे नव्हते. मिस्सा तीच, लॅटिन तेच, संतही तेच. वेदीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला कोणी धाडायचे, एवढाच प्रश्न होता. तो जुनाही होता. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना काढून कार्मेलाइट आणले होते आणि १७९४ मध्ये कंपनी सरकारने दोन्ही पक्षांना चर्चे वाटूनच दिली. पुढे शंभराहून अधिक वर्षे मुंबईत एकाच धर्माचे, एकाच पंथाचे लोक दोन वेगळ्या बिशपांच्या हाताखाली नांदत होते. आज बुधवारच्या नोव्हेनाला माहीमला जी गर्दी लोटते, तिच्यात हिंदू, पारशी, मुसलमान सगळे असतात. आतल्या फादरांची नेमणूक कोणी केली, याची त्यांतल्या कोणाला फिकीर नसते.

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर हे चर्चपुराण कशाला, असे वाचक विचारतील. यंदाच्या अंकाचा विषय आहे ‘वारस’. संगीतातली घराणी, नाट्यसंस्था, गावोगावची वाचनालये, सहकारी साखर कारखाने यांवरचे लेख पुढे आहेतच. या सगळ्या ठिकाणी वारसाचा प्रश्न दबक्या आवाजात चालतो आणि बहुधा कोणाच्या तरी आजारपणात उरकला जातो. चर्चमध्ये मात्र तो दर काही वर्षांनी चारचौघांत येतो, त्याची सभा भरते, इतिवृत्त लिहिले जाते. म्हणून संपादकीयापुरते तिकडे पाहावे असे वाटले.

माहीमच्या वेढ्यानंतर पावणेदोन वर्षांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, याच प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर निघाले. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट संस्थेने १८३१ मध्ये तिथे ठाणे मांडले होते, १८३३ मध्ये मंडळी स्थापन झाली होती, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघत होता. पण मंडळीचा पाळक अमेरिकन मिशनरीच असे. डिसेंबर १८५४ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघा मराठी माणसांना दीक्षा मिळाली. हरिपंत पहिल्या मंडळीचे पाळक झाले, रामकृष्णपंत दुसरीचे. त्या सुमारास बोस्टनहून मिशनचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले होते. मंडळीने आपला खर्च आपण भागवावा, आपला कारभार आपण करावा आणि आपला प्रसारही आपणच करावा, असे त्यांचे सूत्र होते. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन हेही त्याच काळात हेच सांगत होते. अँडरसन इंग्रजी शाळांवर फार खूश नव्हते. त्यांचा ओढा खेड्यापाड्यांतल्या मराठी मंडळ्यांकडे आणि त्यांच्यातूनच उभ्या राहणाऱ्या पाळकांकडे होता. शाळा आवरत्या घेण्याचा त्यांचा आग्रह आम्हाला आजही पटत नाही, पण पाळकाबाबतचा पटतो.

त्यात एक मेख होती. पाळक आपला, तर त्याचा पगारही आपणच द्यायचा. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक मंडळ्या महार आणि मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांच्या. जमीन असली तर तुकडाभर, आणि दुष्काळ पाचवीला पुजलेला. अशा घरांनी रोख पैसा आणायचा कुठून? मग धान्य आले, अंडी आली, कोंबडी आली. कापणीच्या सणाला वेदीपुढे बाजरीची कणसे, भोपळे, केळीचे घड मांडायचे आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव करायचा, ही रीत मराठी मंडळ्यांत आजही आहे. ज्याने हा लिलाव पाहिला नाही त्याने एकदा जरूर पाहावा. दहा रुपयांचा भोपळा कोणी दोनशेला घेतो आणि लगेच ‘पुन्हा लिलावात घ्या’ म्हणून परत ठेवतो. मग तोच भोपळा तिसऱ्याकडे दीडशेला जातो. हशा पिकतो, चढाओढ लागते, जुनी दुखणीही बोलीतून डोकावतात. मंडळीचे अर्थशास्त्र ताळेबंदात कळत नाही, ते या भोपळ्यात कळते.

निवडीचा हक्क आणि पोसण्याचा भार हे दोन्ही मंडळीने एकत्र उचलावेत, अशी ती योजना होती. हक्काची गोडी लवकर लागली, भार मात्र पुष्कळ ठिकाणी मिशनच्या खांद्यावरच राहिला. मिशनची मदत आटली तेव्हा दोन्ही गोष्टी अवघड झाल्या.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा संघ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. बिशपाने नेमलेला पाळक मानणारे अँग्लिकन आणि मंडळीने बोलावलेला पाळक मानणारे काँग्रिगेशनल परंपरेतले लोक एका छपराखाली आले. आता नेमणूक आणि बदली धर्मप्रांताकडून होते, पण मंडळीच्या मनातली जुनी सवय गेलेली नाही. कॅथलिकांत तर प्रश्नच मिटलेला आहे, निदान कागदावर. धर्मगुरूला धर्मग्रामावर नेमतो तो बिशप. फादरांची बदली झाली की लोक निरोप समारंभ करतात, डोळे पुसतात आणि नव्या फादरांच्या स्वागताची कमान उभारतात. तरीही वसईत नवे फादर आल्यावर पहिले काही महिने ‘आधीचे असे करत नसत’ हे वाक्य ऐकू येणार नाही, असे कोणी म्हणू नये.

पाळकपद रिकामे झाले की मंडळीची जी बैठक भरते, तिथले बोलणे जावई शोधणाऱ्या घरातल्यासारखे असते. तरुण हवा, पण अनुभवी. उपदेश खोल हवा, पण अर्ध्या तासात आटोपणारा. ज्येष्ठांना पेटी-तबल्यावरची भजने हवीत, मुलांना गिटार. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली पोरे सुट्टीत येतात तेव्हा त्यांच्यासाठी हिंदी किंवा इंग्रजी उपासना हवी. नाहीतर ती एखाद्या नव्या प्रार्थनागटाकडे वळतात आणि मग परत येत नाहीत. पाळकीणबाईंनी महिला मंडळ सांभाळावे, हे गृहीतच. त्यांना स्वतःची नोकरी असू शकते हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आणि अर्जदार स्वतःच बाई असली तर? दक्षिणेत २०१३ मध्ये नंद्याळच्या बिशपपदी ई. पुष्पललिता यांची प्रतिष्ठापना झाली. उत्तर भारताच्या चर्चमध्येही स्त्रियांना दीक्षा मिळते. बैठकीत मात्र हा विषय निघाला की चहा येतो.

या बैठकीपुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा अर्ज आला असता, तर काय झाले असते? १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये दीक्षा, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव. आज मराठी चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या भजनांतली कितीतरी त्यांची. पण पैशाचा हिशेब या गृहस्थांना ठाऊक नाही. हातात आलेले कोणालाही देऊन मोकळे होतात, न सांगता निघून जातात. पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त याचे पुरावे पानोपानी आहेत. वर १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली. आमचा अंदाज असा की कमिटीने त्यांच्या कवितांची तारीफ केली असती, त्यांना नाताळच्या कार्यक्रमाला बोलावले असते आणि पाळक म्हणून दुसऱ्या कोणा नेमस्त माणसाला घेतले असते. कमिटीला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याच्या एक तारखेला वीजबिल भरणारा माणूसही मंडळीला लागतोच. टिळकांच्या घरी ते काम लक्ष्मीबाई करत होत्या.

आम्हाला खरे कुतूहल आहे ते पाळक नसलेल्या महिन्यांचे. हा काळ मंडळी कसाबसा रेटायचा काळ समजते. पण त्यात काय काय घडते ते पाहा. निवृत्त शिक्षक उपदेशाला उभे राहतात आणि ऐकणाऱ्यांना पहिल्यांदाच कळते की या माणसाने आयुष्यभर बायबल किती बारकाईने वाचले आहे. आजाऱ्यांकडे महिला मंडळ आळीपाळीने जाते. तरुण मुले ध्वनिक्षेपक सांभाळता सांभाळता शास्त्रपाठ वाचू लागतात. प्रभुभोजनासाठी दीक्षित पाळक लागतो म्हणून शेजारच्या मंडळीचे पाळक महिन्यातून एकदा मोटारसायकलवर येतात, त्यांच्या सवडीने लग्नाच्या तारखा ठरतात, आणि त्या निमित्ताने दोन मंडळ्यांत वर्षानुवर्षे बंद पडलेले बोलणे सुरू होते. अर्पणाच्या पिशवीत किती पडते, दुरुस्तीला किती जाते, हे आकडे प्रथमच सर्वांच्या तोंडी येतात. कुरबुरी होतात, किल्ल्या कोणाकडे यावरून अबोले धरले जातात, तेही खरे. पण अँडरसनसाहेबांनी जे सूत्र मांडले, ते नेमके पाळक नसतानाच अमलात येते, ही गंमत त्यांच्याही लक्षात आली नसावी.

मग नवा पाळक येतो. हारतुरे होतात. पुढच्या रविवारी शिक्षक तिसऱ्या बाकावर परत जाऊन बसतात, आजाऱ्यांची यादी पाळकांच्या हाती दिली जाते आणि ‘आता तुम्ही आलात, आम्ही सुटलो’ असे हसत हसत म्हटले जाते. नव्या माणसाची खरी अडचण इथून सुरू होते. बिचारा पुण्याच्या सेमिनरीत इब्री आणि ग्रीकची तोंडओळख करून घेऊन आलेला असतो. आल्या आल्या त्याच्या हाती येतात ते कंपाउंडच्या भिंतीचे कोर्टाचे कागद. भाविक त्याच्यात आधीच्या पाळकाला शोधत राहतात आणि तो मंडळीत पुस्तकातली मंडळी शोधत राहतो. वसईच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन, ‘सुबोध बायबल’, हरित वसईची चळवळ, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, एवढे सगळे एका धर्मगुरूच्या झग्यात मावलेले त्यांनी पाहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वसई धर्मप्रांताला थॉमस डिसोजा हे नवे बिशप मिळाले. बिशपाची जागा भरता येते. दिब्रिटोंची कशी भरणार? आणि ती भरण्याचा हट्ट पुढच्या पिढीच्या एखाद्या तरुण फादरांवर का लादावा?

जाणाऱ्यानेही काही करायचे असते. रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १९२८ च्या करारानुसार मुंबईच्या आर्चबिशपपदी आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश माणूस बसवायचा, असे ठरले होते. त्या पाळीत १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट आले. यापुढे या जागी भारतीय माणूसच हवा, हे त्यांनी ओळखले. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस साहाय्यक बिशप झाले, तेव्हा रॉबर्ट्स मुंबई सोडून निघून गेले. पद त्यांच्याच नावावर होते, पण शहरात ते नव्हते. कारभार ग्रेशस यांनी पाहायचा, चुका त्यांनी करायच्या, लोकांना त्यांची सवय व्हायची. १९५० मध्ये रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते देशाचे पहिले कार्डिनलही झाले. पद न सोडता आधी शहर सोडणारा दुसरा अधिकारी आमच्या तरी माहितीत नाही. ‘वारस’ या विषयावर आमच्याकडे आलेल्या लेखांत घराण्यांचे आणि संस्थांचे अनेक संस्थापक भेटले. त्यांतले बहुतेक शेवटच्या दिवसापर्यंत कार्यालयात येऊन बसत होते.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा. ज्या मंडळ्यांत नाताळपर्यंत नवे पाळक यायचे आहेत, त्यांनी स्वागताच्या कमानीची वर्गणी काढण्याआधी पाळक-निवासाचे छप्पर, नळ आणि थकलेले वीजबिल एकदा पाहून घ्यावे.