तारप्याचा श्वास आणि चित्रफितीची कात्री

गाण्याच्या चित्रफितीचे शास्त्र शिकवताना अँड्र्यू गुडविन यांच्या १९९२ च्या ग्रंथाचा दाखला देतात : दृश्याचे सुरांशी नाते असते. ठोक्यागणिक दृश्य कापण्याचा संकेतही रूढ आहे. सिल्वासाच्या परिसरातील वारल्यांच्या तारपानृत्याला तो लावणे मला तरी अन्यायाचे वाटते. भोपळा व बांबूचे हे वाद्य वादक श्वास न तोडता फुंकतो. त्याने चाल बदलली की हात गुंफलेली साखळी पावले बदलते. घडीत चेहरा, घडीत पाय दाखवले, तर रिंगण दिसावे कसे? विद्यार्थ्यांनी कॅमेरा दूर, निश्चल ठेवून पाहावा. गुडविन यांचे म्हणणे त्यानेच पाळले जाईल. सूरच अखंड आहे. मग दृश्याला कात्री कशाला?