तिमाहीची सवलत, महिन्याचा हिशेब

ठाण्यातील वागळे इस्टेट असो वा डोंबिवलीची एमआयडीसी, तेथील छोट्या कारखानदाराची मदार करसल्लागारावर असते. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना जानेवारी २०२१ पासून जीएसटीचे विवरणपत्र तीन महिन्यांतून एकदा भरण्याची मुभा मिळाली. कर मात्र दरमहाच भरायचा. शिवाय विक्रेत्याने बीजक पोर्टलवर नोंदवल्याखेरीज खरेदीदाराला त्यावरील कराची वजावट मिळत नाही, असा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. साहजिकच मोठा खरेदीदार अशा पुरवठादाराकडे वळताना बिचकतो. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बीजके पुढील महिन्याच्या १३ तारखेपर्यंत नोंदवता येतात खरी. पण ही सोय ऐच्छिक. सल्लागाराच्या तिमाही शुल्कात हे काम बहुधा धरलेलेच नसते, आणि मालकही विचारत नाही.