अपुऱ्या दिवसांची बाळे आणि अनुभवी आया

सदतीस आठवडे भरण्यापूर्वीच जन्मलेले मूल काचेच्या पेटीत जाते आणि त्याची आई पुष्कळदा दाराबाहेर बाकावर बसून राहते. सीमाभागातील मराठी बाईला तर फलकावरील कानडीही वाचता येत नाही आणि हातातील इंग्रजी कागदही! भेटीस येणारे आप्त ‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ ही जुनी समजूत ऐकवून तिचा उरलासुरला धीर खचवितात. वस्तुतः गर्भातील प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो.

हे तिला पटवून देण्याचा अधिकार जिने असेच मूल घरी नेले त्या आईचा. पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एदगर रे यांनी बाळ आईच्या उराशी, कातडीला कातडी भिडवून ठेवण्याची रीत सुरू केली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती दिवसाकाठी ८ ते २४ तास पाळण्यास सांगितले. परंतु नळ्या लावलेला तो जीव हाती घेताना हात कापतात. तेथे व्याख्यान काय कामाचे? शेजारी बसून ‘अगं, असं धर’ म्हणणारी हवी.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी मातापित्यांना बाळाच्या शुश्रूषेत स्थान दिलेच आहे. मग अशा अनुभवी आयांना बाकावरच्या आईजवळ का बसू देऊ नये? औषधोपचारात त्यांनी पडू नये, हे उघडच आहे. कानडी आईजवळ कानडी बाई बसावी, हेही आम्ही तितक्याच आग्रहाने म्हणतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी येथील महिला मंडळांनी अशा आयांची नावे जमवावीत. रुग्णालयांकडे अर्ज घेऊन जाताना आम्ही बरोबर येऊ.