पत्रिका आणि दुर्बीण



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक ताई हळूच म्हणाल्या, "भाऊ, लेकीचं जमत आलंय, पण मुलाकडचे पत्रिका मागतात. काढून द्यावी का?" बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या वस्तीत हा प्रश्न यावा, याचे वाईट वाटले. रागावून उपयोग नव्हता. मी त्यांना एका दुर्बिणीची माहिती सांगितली.

लडाखमध्ये हान्ले येथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर 'मेस' नावाची दुर्बीण आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ती उभारली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. तिची आरशांची थाळी २१ मीटर रुंद आहे, म्हणजे सात मजली इमारतीच्या उंचीएवढी.

फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांतून गॅमा किरण येतात. आपल्या डोक्यावरची हवा ते अडवते, म्हणून आपण सुखरूप आहोत. पण किरण हवेवर आदळला की कणांचा वर्षाव होतो आणि फिकट निळा उजेड चमकतो. तो सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच टिकतो, डोळ्यांना दिसत नाही. आरसे तो गोळा करतात, कॅमेरा त्याचे चित्र टिपतो आणि चित्राच्या आकारावरून किरण कोठून आला हे कळते.

ही विद्या एका दिवसात आली नाही. अमेरिकेत ॲरिझोना येथे १९६८ साली अशी दुर्बीण उभी राहिली. क्रॅब तेजोमेघाचे किरण खात्रीने सापडले, हे सांगायला १९८९ साल उजाडले. वीस वर्षे मोजले, तपासले, मगच मानले. भगवान बुद्धांनी कालामांना दुसरे काय सांगितले? कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

"ताई," मी म्हणालो, "तो तारा फुटलेला चीनमधल्या लोकांनी १०५४ साली पाहिला. त्याला तुमची लेक ठाऊक नाही. पारखायचंच तर मुलाची नोकरी, व्यसन, स्वभाव पारखा."

"पण ते नाही म्हणाले तर?"

मी उत्तर देण्याआधीच मागे उभी असलेली लेक म्हणाली, "आई, म्हणू दे. पत्रिका द्यायची नाही."

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात मुलींना एवढे बोलता येते का? नसेल तर सुरुवात तिथून करू या.