इमरान जोकर आहे, हीच तक्रार?

मला उर्दू वाचता येत नाही. शाळा मराठी, घरात दखनी, आणि उर्दू लिपी नानीपाशीच राहून गेली. म्हणून गेल्या मे महिन्यात मिरजेला नानीने इब्ने सफींची ‘खौफनाक इमारत’ मला रोज रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवली. ऐकायला मी एकटीच बसले होते, पण मतं द्यायला सगळं घर आलं.

ही १९५५ सालची, इमरान सीरिजची पहिली कादंबरी. एक ओसाड घर, आत एक कबर आणि तिथे सापडणारी प्रेतं. छडा लावणारा अली इमरान एम. एस्सी., पीएच. डी., तोही ऑक्सफर्डचा. पण चेहरा असा की कुणी त्याला भाजी आणायलाही पाठवणार नाही. वडील गुप्तचर खात्याचे बडे अधिकारी, आणि या पोराच्या बडबडीने हैराण.

मामूंचं मत पहिल्याच रात्री ठरलं: “ये जासूस हाय का सर्कस का जोकर?” त्यांना ‘जासूसी दुनिया’तला कर्नल फरीदी हवा, शिस्तीचा, कमी बोलणारा. नानीचं उलट. माणूस हसवत नसेल तर रात्री प्रेतांच्या गोष्टी ऐकायच्या कशाला, असं ती म्हणते. पुण्यात शिकणाऱ्या मावसभावाने बिलाल तन्वीरचा इंग्रजी अनुवाद वाचलाय. त्यात त्याला इमरान नुसताच वैतागवाणा वाटला. आणि माझी एक मैत्रीण म्हणाली, असे हुशार मुस्लिम नायक पुढे आणले पाहिजेत, त्याने आपली प्रतिमा सुधारते.

ही भांडणं जुनीच आहेत. इब्ने सफी कादंबरीच्या सुरुवातीला ‘पेशरस’ नावाची छोटी प्रस्तावना लिहायचे आणि तीत वाचकांच्या पत्रांना, तक्रारींना चिमटे काढत उत्तरं द्यायचे. मामू तेव्हा असते तर त्यांनाही एक चिमटा नक्की बसला असता.

मी नानीच्या बाजूची, पण कारण वेगळं. इमरानचा वेडेपणा ही त्याची कामाची पद्धत आहे. मूर्खासमोर लोक सांभाळून बोलत नाहीत. कॅप्टन फय्याज त्याच्यावर चिडतो आणि अडलं की त्याच्याकडेच येतो. त्या कबरीपाशीही तेच. लोक घाबरतात, आणि घाबरलेला माणूस प्रश्न विचारत नाही. तिथे बावळट चेहऱ्याने प्रश्न विचारणारा हा एकच. गंभीर फरीदीला मी मानते, पण या घरात मला इमरानच हवा.

मैत्रिणीचं मत मात्र मला जास्त खटकलं. इमरान कुणाची प्रतिमा सुधारायला जन्मलेला नाही. तो थापा मारतो, वडिलांना छळतो, जिथे तिथे नसती विनोदबाजी करतो. आपण मुस्लिम आहोत हे तो कुणाला समजावत बसत नाही. नाव इमरान आहे, बस्स. आपल्याला कथेत एक तर खलनायक करतात, नाही तर आदर्श नागरिक. नुसतं विचित्र असायची मोकळीक फार कमी मिळते. हिंदी आवृत्त्यांत तर प्रकाशनाने इमरानचा ‘राजेश’ केला आणि फरीदीचा ‘विनोद’. (सगळ्यांत गंभीर माणसाचं नाव विनोद! मराठी वाचकाला हा विनोद फुकटचा.) तरी उर्दूतला इमरान इथेही तितकाच लाडका होता. लेखक १९५२ सालीच पाकिस्तानात गेले, पण पुस्तकं अलाहाबादहूनही निघत राहिली. तीन वर्षांच्या मानसिक आजारातून उठून त्यांनी १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ लिहिली, तेव्हा भारतात तिचं प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं.

म्हणजे सगळं माफ, असं नाही. पुढच्या भागांत जोसेफ येतो: काळा, दांडगा, बाटल्यांवर बाटल्या रिचवणारा अंगरक्षक. त्याच्यावरचे विनोद आज टोचतात. नानीलाही मी हे सांगितलं. “उस जमाने में ऐसाच लिखते थे,” ती म्हणाली. असेल. पण सिनेमात सुरमा घातलेला, पिस्तूल घेतलेला माणूस दाखवला की आपण चिडतो. जोसेफवर हसताना तो राग कुठे जातो? इब्ने सफी आपले वाटतात म्हणून हे बोलायचं नाही, हे मला मान्य नाही. मामूंना बडबड नको, मला जोसेफ असा नको. दोघंही वाचकच.

सध्या नानी मला अलिफ-बे शिकवतेय. पुढची कादंबरी ‘चट्टानों में आग’ आहे, आणि तिचं पहिलं पान मी स्वतः वाचायचं असं ठरलंय. चार ओळींना अर्धा तास लागतो. मामू शेजारच्या खोलीतून पेपर वाचतोय असं दाखवतात, आणि मी एखाद्या शब्दावर अडले की तिकडूनच ओरडून सांगतात.